गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, आता खेळायचं की सोडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, राहणं शिवाजी पेठेत, काम शिरोली एमआयडीसीत मशीनवर आठ तास उभं राहून. दोन वर्षांपूर्वी गांधी मैदानावर सकाळची मॅच खेळताना वळायला गेलात आणि उजवा गुडघा फिरला. आत ‘कट्’ असा आवाज आला, संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. हाडवैद्याकडून तीन आठवडे पट्टी बांधून घेतली, सूज उतरली, पुन्हा खेळायला लागलात. आता रविवारी गोळी घेऊन खेळता आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरता. डावा घोटा अधूनमधून मुरगळतोच. एमआरआयमध्ये एसीएल हे लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा) पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस, दोन हाडांमधली रबरासारखी चकती) फाटलेली दिसली. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी खेळच बंद करायला सांगितलं. तुम्ही विचारताय, खेळ सोडायचा का, आणि हे दुखणं आता जन्माचं का? शेवटी मुलाबद्दलही विचारलंय. आठ वर्षांचा आहे, त्याला फुटबॉलला पाठवू की नको?

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. तालीम मंडळांचे फुटबॉलपटू, लाल मातीतले पैलवान, रंकाळ्यावर पळणारे, सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉल क्रिकेट खेळणारे असे सगळे माझ्याकडे येतात. त्यातले फार थोडे खेळावर पोट भरतात. बाकीच्यांना सोमवारी कामावर जायचं असतं, आणि दुखऱ्या सांध्यासह पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

खेळ कायमचा सोडायची वेळ बहुधा येणार नाही. मात्र गोळी घेऊन रविवारची मॅच खेळणं आजपासून बंद करा. निदान चार महिने. त्या चार महिन्यांत नुसतं बसून राहायचं नाहीये, भरपूर काम करायचंय.

आधी तुमच्या गुडघ्यात काय झालंय ते बघू. एसीएल हे सांध्याच्या मधोमध तिरकं बसलेलं लिगामेंट. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि पिळलं जाऊ नये, हे त्याचं मुख्य काम. स्टडचा बूट जमिनीत रुतला, पाय तिथंच राहिला आणि अंग फिरलं की ते तुटतं. समोरच्यानं धडक द्यावी लागते असं नाही, पुष्कळदा जवळपास कुणीही नसताना तुटतं. काही तासांतच गुडघा सुजला तर बहुतेक वेळा ते आत झालेल्या रक्तस्रावामुळे असतं. नुसती गादी फाटली तर सूज सावकाश, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी येते. तुमची सूज त्याच संध्याकाळी आली होती. एवढ्यावरूनच त्या आठवड्यात नीट तपासणी व्हायला हवी होती. हे वाचणाऱ्या इतरांनीही एवढं ध्यानात ठेवावं.

आता एक गोष्ट तुम्हाला जाणवली असेल. सरळ चालताना, सायकलवर, अगदी रंकाळ्याच्या कडेनं सावकाश पळतानासुद्धा गुडघा फारसा त्रास देत नाही. सरळ रेषेतल्या हालचालीत एसीएलवर ताण कमी येतो आणि मांडीचे स्नायू तेवढं सांभाळून घेतात. पण बॉल घेऊन एकाला चकवायला गेलात, हेडर मारून एका पायावर उतरलात, की गुडघा सटकतो. म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न ‘किती दुखतं?’ असा नसेल. गुडघा दगा किती वेळा देतो, असं मी विचारेन.

दुखणं आणि दगा देणं, दोन्ही एकाच मापानं मोजू नका. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि रात्रीत शमलं तर त्यानं सांध्याचं काही बिघडत नाही. गुडघा सटकतो तेव्हा मात्र दोन हाडांमध्ये गादी चिमटते आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी फाटत जाते, वर कूर्चेलाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरालाही, मार बसतो. तुम्ही गोळी घेऊन खेळता तेव्हा दुखणं दबतं, सटकणं थांबत नाही. उलट सांधा सांभाळून घ्या असं सांगणारी जाणीवच तेवढ्या वेळापुरती बोथट होते. दोन वर्षांपूर्वी लिगामेंट तुटलं तो अपघात होता. त्यानंतरच्या रविवारी गादीचं जे नुकसान झालं असेल ते टाळता येण्यासारखं होतं आणि यापुढेही टाळता येईल, म्हणूनच मी मॅच थांबवा म्हणते.

गुडघा अडकतो का, तेही पाहा. म्हणजे वाकवल्यावर सरळच होत नाही, हलवून हलवून सोडवावा लागतो, असं. तसं होत असेल तर फाटलेल्या गादीचा तुकडा मध्ये येत असू शकतो. मग चार महिने थांबू नका, याच आठवड्यात ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवा.

एमआरआयच्या रिपोर्टबद्दल थोडं. लोक तो कागद पुढं करतात आणि ‘मॅडम, गुडघा गेला’ म्हणून मोकळे होतात. तो रिपोर्ट गुडघ्याच्या आतलं चित्र देतो, गुडघा काय करू शकतो ते त्यात नसतं. अमेरिकेत मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांच्या गुडघ्यांचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची गादी फाटलेली होती त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. फिनलंडमध्ये २०१३ साली १४६ रुग्णांवर झालेली चाचणी तर फार बोलकी आहे. वयोमानानं झिजून फाटलेली गादी दुर्बिणीतून कापलेल्यांची आणि नुसतं ऑपरेशनचं नाटक केलेल्यांची एका वर्षानंतरची अवस्था सारखीच निघाली. तुमची गादी जखमेतून फाटली आहे, त्यामुळे ती चाचणी तुम्हाला जशीच्या तशी लागू होत नाही. पण कागदावर ‘टिअर’ (फाटलेलं) हा शब्द आला म्हणून लगेच टेबलावर झोपायची घाई करू नये, एवढं त्यातून नक्की घ्या.

एसीएलच्या ऑपरेशनचं काय? स्वीडनमधली २०१० साली प्रसिद्ध झालेली चाचणी मी पेशंटना नेहमी सांगते. खेळणारी-पळणारी १२१ तरुण माणसं, व्यावसायिक खेळाडू त्यांत नव्हते. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं. उरलेल्यांना आधी व्यवस्थित व्यायाम दिला, आणि गुडघा तरीही दगा देत राहिला तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती, पाच वर्षांनीही तसंच दिसलं. दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांना पाच वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही. उरलेल्या निम्म्यांना लागलं, हेही तितकंच खरं. म्हणजे व्यायामानं सगळ्यांचं भागतं असं मी म्हणणार नाही. पण कुणाचं भागतं हे आधीच ओळखायची खात्रीची रीत नाही, ते व्यायाम करूनच कळतं. तुम्ही दोन वर्षांत विश्रांती घेतलीत, पट्टी बांधलीत, मालिश केलंत, मॅचही खेळलात. स्नायूंची ताकद मात्र पद्धतशीर वाढवली नाही. ती वाढवा. ऑपरेशन करायचं ठरलंच तरी ती मेहनत फुकट जात नाही. ताकद भरून टेबलावर गेलेला पेशंट नंतर लवकर सावरतो.

व्यायाम करूनही रोजच्या चालण्यात, जिन्यावर, मशीनपाशी नुसतं वळताना गुडघा सटकत राहिला, किंवा गादी शिवता येण्यासारखी फाटली आहे असं सर्जननी सांगितलं, तर ऑपरेशनकडे माझाही कल राहील. मग पुढचा हिशेब आत्ताच समजून घ्या. वळण्या-उड्या मारण्याच्या खेळात परतायला कमीत कमी नऊ महिने. ‘सहा महिन्यांत मैदानात’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. नॉर्वेजियन संशोधकांच्या २०१६ सालच्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं पुढं ढकललं तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्यामागे जवळपास निम्म्यानं कमी होत गेलेला दिसला. उभं राहून करायच्या कामावरही काही आठवडे जाता येत नाही. तुमचा ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर आजारपणाच्या रजेत सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतात. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी कंपनीच्या ऑफिसात हे विचारून ठेवा. घरचं गणित विस्कटलं की माणूस व्यायाम अर्धवट सोडून कामावर पळतो आणि चांगलं झालेलं ऑपरेशनही वाया जातं.

आता मुख्य काम, ताकद. दुखापतीनंतर मांडीचा पुढचा स्नायू झपाट्यानं वाळतो आणि सूज उतरली म्हणून आपोआप भरून येत नाही. दोन वर्षांनंतरही तुमची उजवी मांडी डावीपेक्षा बारीक असेल, याची मला जवळपास खात्री आहे. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर टेप लावून दोन्ही बाजू मोजा. मग खुर्चीवर बसा, हात छातीशी धरा आणि एकाच पायावर उठून दाखवा. डाव्यानं जमतं आणि उजव्यानं जमत नाही, तर आपलं काम कुठं आहे ते कळलं.

विश्रांतीनं दुखणं शमतं, ताकद मात्र हळूहळू वाढवलेल्या भारानंच येते. हे कोल्हापूरकरांना वेगळं शिकवावं लागू नये. नवा पोरगा तालमीत आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी हजार बैठका मारायला लावत नाहीत आणि थेट खासबागेच्या आखाड्यात लढायलाही उतरवत नाहीत. दुखावलेला गुडघा तसाच हाताळायचा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सुरुवात खुर्चीवरून दोन्ही पायांनी सावकाश उठण्या-बसण्यानं करा, १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचला, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. भिंतीला हात टेकून टाचा उचला. आठवड्या-दोन आठवड्यांत हे सोपं वाटलं पाहिजे. मग घराच्या पायरीवर उभं राहून दुसरी टाच सावकाश खाली टेकवायची आणि परत वर यायचं. त्यात गुडघा आत ढळू द्यायचा नाही, आरशासमोर करा म्हणजे दिसेल. पुढं हातात वजन घ्या. जिम असेल तर लेग प्रेस आणि मांडीच्या मागच्या स्नायूचं मशीन वापरा. मागचा स्नायू तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, तो नडगीला मागं ओढतो, म्हणजे एसीएलच्या मदतीला येतो. वजन असं हवं की दहाव्या वेळेला दमछाक व्हावी. हलकं वजन पन्नास वेळा उचलून घाम येतो, ताकद फारशी येत नाही. खरा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात, म्हणून मुद्दाम सांगते.

किती दुखलं तर चालेल? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मोजणी धरा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवशीइतकाच असला पाहिजे आणि सूज वाढलेली नको. वाटीच्या मधोमध टेप लावून सकाळी घेर मोजायची सवय लावा. घेर वाढला तर भार जास्त झाला. दोन दिवस हलकं ठेवा आणि आधीच्या पायरीवरून पुन्हा सुरू करा. व्यायाम सोडून देऊ नका. जुन्या दुखापतीसह जगणाऱ्या माणसाला ही सकाळची तपासणी आयुष्यभर उपयोगी पडते. गुडघ्यालाच असं नाही, टाचेच्या वरची शीर दुखणाऱ्या पळणाऱ्यांना आणि खांदा धरलेल्या बॉलरांनाही मी हेच सांगते.

पोटात काय जातं तेही बघा. स्नायू भरायचे तर दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं धरा (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). तुमचं वजन ७० किलो असेल तर ११० ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यावर आठवडा निघत नाही. आणि रश्श्यात चव असते, प्रथिनं मटणाच्या फोडीत असतात. डाळ, कडधान्यं, दही, अंडी हे रोजचं हवं. गंगावेशीत धार काढून मिळणारं म्हशीचं दूध पैलवानांना मानवतं, कारण ते तेवढी मेहनत करतात. खेळ थांबलेला असताना तोच खुराक ठेवला तर वजन वाढतं. गुडघ्याची झीज असलेल्या जाड माणसांवरच्या एका अभ्यासात, वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी झालेला दिसला.

घोट्याचं काम तुलनेनं सोपं आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात. घोटा पुन्हा मुरगळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तो आधी मुरगळलेला असणं. ताणलेलं लिगामेंट जुळतं, पण पाय कुठं कसा पडतोय हे कळवणारी जाणीव मंदावलेली राहते. दात घासताना एका पायावर उभं राहा. जमलं की डोळे मिटून, मग उशीवर. रोज पाच मिनिटं, किमान दोन महिने. परत खेळायला लागल्यावर पहिलं वर्षभर घोट्याला लेसवाला ब्रेस घाला. हाडाला मार आहे की नाही याचा अंदाज मैदानावरच घेता येतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या टेंगळांची मागची कड, करंगळीच्या बाजूनं पावलाच्या मधलं हाड आणि आतल्या बाजूनं पावलाच्या कमानीवरचं हाड दाबून पाहा. तिथं नेमकं हाडावर दुखलं, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली ठरवलेले हे नियम आजही जगभर वापरतात.

हाडवैद्यांबद्दल तुम्ही दबकत लिहिलंय. दबकायचं कारण नाही, आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या लोक त्यांच्याकडे जात आलेत. मुका मार असेल तर लेपानं आणि हलक्या पट्टीनं आराम पडतो. माझा आक्षेप तीन गोष्टींना आहे. एक्स-रे न काढता ओढून बसवणं, ताज्या सुजेवर जोरात मालिश करणं आणि करकचून बांधणं. पट्टीखाली बोटं गार पडली, निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर कुणालाही न विचारता पट्टी सोडवा आणि थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. त्या हाताचा किंवा पायाचा रक्तपुरवठा बंद पडत असतो, आणि तिथं काही तास उशीर झाला तरी कायमचं अपंगत्व येऊ शकतं.

बर्फाबद्दलही विचारलंत. पहिल्या दोन दिवसांत दुखणं कमी करायला दहा-पंधरा मिनिटं बर्फ चालतो, फडक्यात गुंडाळून. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, पाय उंच, हे सूत्र १९७८ साली ज्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं, त्यांनीच २०१४ साली लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं लांबू शकतं. म्हणून दोन-तीन दिवसांनंतर सोसेल तशी हालचाल सुरू करायची. जुन्या दुखण्याला गरम शेकानं बरं वाटत असेल तर जरूर शेका, मात्र त्यालाच उपचार समजून बसू नका.

मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मॅचआधी घेणं मात्र धोक्याचं आहे. आपल्याकडे हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. भर उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडांवर दुहेरी ताण. पोटात अल्सर होतो, रक्तदाब वाढतो. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर पेठेची इज्जत पणाला लागल्यासारखं वातावरण असतं. त्या दडपणाखाली पोरं एकाच्या जागी दोन गोळ्या घेतात, हे मी ऐकून आहे आणि मला त्याची फार काळजी वाटते. मंडळातल्या मोठ्यांनी तरी त्यांना थांबवावं.

रोजच्या जगण्याचं बोलू. मांडी घालून जेवायला बसणं, भारतीय संडास, देवळात खाली बसणं, यानं गुडघा मोडत नाही. पण फाटलेल्या गादीवर पूर्ण वाकलेल्या अवस्थेत सगळ्यात जास्त दाब येतो. आत्ता काही महिने पाटाऐवजी खुर्ची घ्या. ताकद आली की पुन्हा थोडं थोडं बसून पाहा, कायमचं सोडू नका, कारण न वाकवलेला गुडघा आखडतो. गाडीला किक मारू नका, सेल्फ वापरा. मशीनपाशी पाऊल रोवून कमरेतून वळायची सवय असेल तर ती मोडा, आधी पाय उचला, मग वळा. तासाभरानं दोन मिनिटं चाला. जोतिबाच्या पायऱ्या चढायला हरकत नाही, उतरताना कठडा धरा किंवा रिक्षानं या. पावसाळ्यातली पन्हाळगड ते पावनखिंड पदभ्रमंती यंदा नको. चिखलात पाय रुततो आणि अंग फिरतं, तुमचा गुडघा नेमका तसाच गेला होता.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘रविवारी मैदानावर नुसतं उभं राहायला नको वाटतं, म्हणून घरातूनच बाहेर पडत नाही.’ हे गुडघ्याइतकंच गंभीर आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नाही, पेठ, तालीम, मंडळ, बालपणापासूनचे मित्र हे सगळं त्याला बांधलेलं असतं. खेळ थांबला की माणूस एकदम एकटा पडतो, चिडचिड घरात निघते, झोप बिघडते. झोप बिघडली आणि मन खचलं की तेच दुखणं जास्त जाणवतं, हे वैद्यकशास्त्रानं मान्य केलेलं आहे, मनाचे खेळ म्हणून ते झटकू नका. तुम्ही मैदानावर जा. सरावाच्या आधी पोरांचा वॉर्मअप घ्या, लाइनवर उभे राहा, जमलं तर रेफरीचं प्रशिक्षण घ्या. त्याच वेळात कडेला स्वतःचा व्यायाम करा, म्हणजे तो चुकणारही नाही. महिनाभर कशातच रस वाटला नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात यायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. गुडघ्यासाठी माझ्याकडे आलात तितक्याच सहज.

पुढं गुडघा झिजेल का? एसीएल तुटलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना १० ते २० वर्षांत झिजेची लक्षणं दिसतात, आणि ऑपरेशन केलं म्हणून ती टळतात असं सिद्ध झालेलं नाही. हे मी झाकून ठेवणार नाही. पण झिजेच्या भीतीनं पळणं सोडून घरी बसणं हा उपाय नव्हे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की खुब्याची किंवा गुडघ्याची झीज हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के, न पळणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत १३.३ टक्के. हे आकडे दुखापत झालेल्या गुडघ्यांचे नाहीत, तरीही बैठ्या माणसाचा गुडघा सुरक्षित राहतो ही समजूत सोडायला ते पुरेसे आहेत. पुढच्या महिन्यापासून सायकल आणि पोहणं सुरू करा, पोहताना बेडकासारखे पाय मारू नका. उजव्या पायावर एकट्यानं बसून उठणं दहा वेळा जमलं की रंकाळ्यावर चालणं आणि पळणं आलटून पालटून.

फुटबॉलचं असं करू. चार महिन्यांनी एका पायावर लांब उडीची चाचणी घेऊ. उजव्या पायाची उडी डाव्याच्या किमान ९० टक्के हवी, उतरताना गुडघा डळमळायला नको, आणि मधल्या काळात तो एकदाही सटकलेला नको. हे जमलं तर आधी बॉलसोबत एकट्यानं वळणं, मग सराव, मग अर्धी मॅच, प्रत्येक टप्प्याला दोन आठवडे. लिगामेंट नसताना फुटबॉल खेळण्यात धोका राहतोच, तो समजून तुम्ही ठरवायचं. गुडघा पुन्हा सटकला तर ऑपरेशन किंवा दुसरा खेळ, तिसरा पर्याय मी देणार नाही.

इतर खेळाडूंसाठी दोन-तीन गोष्टी. पैलवानाच्या कानात रक्त साकळलं तर पहिल्या काही दिवसांतच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ते काढून घ्यावं, तालमीत सुई टोचू नये. खांदा उतरला तर मैदानावर कुणी ओढू नये. आणि डोक्याला मार लागून क्षणभर जरी गरगरलं, गोंधळल्यासारखं झालं, स्कोअर आठवेना, तर त्या दिवशी त्या खेळाडूनं पुन्हा उतरायचं नाही, फायनल असली तरी. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, झटका, हातापायाला अशक्तपणा यांतलं काहीही दिसलं तर ताबडतोब हॉस्पिटल.

मुलाला जरूर पाठवा. प्रशिक्षकांना एवढंच विचारा की वॉर्मअपमध्ये काय घेतात. मैदानाला दोन चकरा आणि थेट मॅच, एवढंच असेल तर फिफाचा मुलांसाठीचा ‘११ प्लस किड्स’ हा व्यायामक्रम त्यांना सुचवा. उडी मारून नीट उतरणं, एका पायावर तोल, पडताना अंग सावरणं, असं त्यात आहे. १५ ते २० मिनिटं लागतात, वेगळं साहित्य लागत नाही. युरोपातल्या चार देशांत ७ ते १३ वर्षांच्या मुलांवर तो वापरून पाहिला तेव्हा दुखापती जवळपास निम्म्यानं कमी झाल्या. मंडळाकडे तो घेणारं कुणी नसेल, तर आठवड्यातून दोन सकाळी तुम्हीच घ्या. त्यातले अर्धे व्यायाम तुमच्या गुडघ्यालाही लागणारच आहेत. उडीचे मात्र पहिले दोन महिने त्यालाच करू द्या.